चाळीस अक्षरं, पाच वेळा

दशरथ ओव्हाळांची चौतीस वर्षं रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये टपाल वेगळं करण्यात गेली होती. कुठली वस्तू कुठल्या खणात, हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं, आणि याचा त्यांना थोडा माजही होता. म्हणून येरवड्याच्या घराला रंग द्यायचं ठरलं तेव्हा आवराआवर त्यांनी कुणाला करू दिली नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले कागद त्यांनी उलथन्याने खरवडून काढले. गॅसवाल्याचा नंबर, पोलिओच्या डोसाची तारीख, कुठल्याशा इंग्रजी अक्षरांची एक चिठ्ठी, सगळ्याचा चोळामोळा करून कचऱ्याच्या गाडीत टाकला आणि मोठा पराक्रम केल्यासारखा चहा घेतला.

चौथ्या दिवशी वीज गेली. परत आली ती भलत्याच जोराने आली, आणि टीव्हीशेजारचा काळा डबा बंद पडला तो पडलाच.

हा डबा त्यांच्या मुलीने, आम्रपालीने, पाच वर्षांपूर्वी आणलेला. ती खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. डब्यात दोन हार्ड डिस्क होत्या. घरातल्या मोबाइलमधलं सगळं आपोआप त्यात जाऊन पडायचं, आणि दोन्हींवर अगदी सारखं, म्हणजे एक गेली तरी दुसरी असावी. लग्नाबारशाचे फोटो गेले असते तर दशरथांनी फारसं मनावर घेतलं नसतं. पण त्याच डब्यात चंद्रभागेने गोळा केलेले आवाज होते.

चंद्रभागा त्यांची बायको. सदाशिव पेठेतल्या मुलींच्या वसतिगृहात जन्मभर भाकऱ्या थापल्या, आणि काम सुटल्यावर, छप्पन्नाव्या वर्षी, विहारातल्या साक्षरता वर्गात जाऊन बसली. लिहायला शिकली, मग मोबाइल चालवायला शिकली, आणि मग एकेका म्हाताऱ्या बाईपुढे तो मोबाइल ठेवून तिचं ऐकत बसू लागली. मथुराबाई, सुंदराबाई, बायडाबाई, अशा एकशे बारा जणी. कुणी आईच्या कडेवर बसून दीक्षेला गेलेली, कुणी खाणीत दगड फोडलेली, कुणी नवऱ्याचा मार खाल्लेली आणि एकदोघी तर नवऱ्याला बदडून आलेल्या. प्रत्येकीला चंद्रभागेने शब्द दिला होता, की तुला विचारल्याशिवाय हे कुणाच्या कानावर जाणार नाही. आईचा शब्द राहावा म्हणूनच आम्रपालीने अख्खा डबा एन्क्रिप्ट केला होता. उद्या कुणी डिस्क पळवली तरी किल्लीवाचून त्याला नुसती गिचमीड दिसावी. ती किल्ली चाळीस अक्षरांची. तिने छापून ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती.

येत्या रविवारी चंद्रभागेला जाऊन वर्ष होणार होतं. पुण्यानुमोदनाला विहारात तिचा आवाज ऐकवायचा, हे दशरथांनी मनाशी पक्कं केलं होतं. वर्षभर त्यांना स्वतःला तो ऐकायचा धीर झाला नव्हता. तिचा आवाज दुसरीकडे कुठे नव्हता. लग्नांच्या व्हिडिओत बँड होता, ती नव्हती. तिचा मोबाइलही पुसून भाचीला देऊन टाकला होता, सगळं डब्यात आहेच म्हणून.

बुधवारी बापलेक डबा घेऊन बुधवार पेठेत गोपाळकृष्णांच्या दुकानात गेले. जिना चढून वर एवढीशी खोली, आणि नावाच्या पाटीखाली दुसरी पाटी: 'डेटा आपला, चूक आपली, प्रयत्न आमचे.' साठीच्या त्या गृहस्थांनी आवाजांची हकिगत ऐकत डबा घेतला, कपाळावरचा भिंगाचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि "उद्या दुपारी," एवढंच बोलून पाठ फिरवली.

गुरुवारी दुपारी त्यांच्या टेबलावर दोन्ही डिस्क सुट्या मांडलेल्या होत्या.

"डिस्क ठणठणीत आहेत," गोपाळकृष्ण म्हणाले. "जळलंय ते सर्किट. आधी दोन्हींची नक्कल करून घेतली. मूळ डिस्कशी मी खेळत नाही. नकलेवर सगळं जुळलंय. आता किल्ली द्या."

"ती त्या जळलेल्या सर्किटवरच सेव्ह होती," आम्रपालीचा आवाज खाली आला. "ऑटो-अनलॉक ठेवलं होतं. मी पाच वर्षांत एकदाही टाइप केली नाही."

"वा. म्हणजे कुलूप चांगलं भक्कम घेतलंत आणि किल्ली त्यालाच लावून ठेवलीत. दुसरी आहे का?"

"आहे ना. घरी, किचनच्या कपाटाला आतून."

दशरथांना जिन्यावरून कुणी ढकलून दिल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांत एक पत्र चुकीच्या थैलीत टाकलं नाही, आणि हे एवढंसं कागदाचं चिटोरं त्यांनी उलथन्याने खरवडून टाकलं होतं.

"आमू, ती मी फाडली," ते म्हणाले. "रंगाच्या वेळी. मला काय माहीत ते काय होतं!"

आम्रपाली रागावली असती तर बरं झालं असतं. गोपाळकृष्णांच्या जिभेवर नक्कीच काहीतरी आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं आणि स्क्रीन दशरथांकडे वळवली.

पडद्यावर अक्षरांचा नुसता सडा पडला होता. आकडे, चिन्हं, कशाचा कशाला पत्ता नाही.

"हे बघा, ओव्हाळ. काहीही गेलेलं नाही. बाईंचा शब्दन् शब्द इथे आहे, हा तुमच्यासमोर. पण किल्लीशिवाय तो अंदाजाने काढायचा म्हटलं, तर जगातले सगळे कॉम्प्युटर कामाला लावले तरी सूर्य विझेपर्यंत होणार नाही. मुलीने काम चोख केलंय. दुर्दैव एवढंच, की फारच चोख केलंय."

दशरथ त्या गिचमिडीकडे बघत राहिले. पावसात भिजलेले, अर्धवट पुसलेले, 'मारुतीजवळ, पुणे' एवढेच पत्ते त्यांनी वाचून काढले होते. आणि इथे बायको समोर बसून बोलत होती आणि त्यांना एक अक्षर लागत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलंही नाही.

"कुणी उतरवून घेतली होती का?" गोपाळकृष्णांनी उगाच विचारायचं म्हणून विचारलं. "वहीत, डायरीत?"

"असलं कोण उतरवून घेणार हो," दशरथ म्हणाले, आणि बोलता बोलताच थबकले.

असलं उतरवून घेणारी एक बाई त्यांच्या घरात होती.

मराठी येऊ लागल्यावर चंद्रभागेने इंग्रजी अक्षरांचा ध्यास घेतला होता. वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं, दिसेल ते उतरवा, रोज एक पान, आणि प्रत्येक ओळ पाच वेळा. बाईंचं सांगणं म्हणजे तिला कायदाच. साबणाचं वेष्टण, गोळ्यांची पाकिटं, कुकरबरोबर आलेला कागद, काही तिने सोडलं नाही. अर्थ कळायचा नाही, त्याची फिकीरही नसायची. दशरथ येताजाता चिडवायचे, "आज काय, पापडखाराचं चरित्र का?" ती मान वर न करता म्हणायची, "हसा. तुमचा हात बसत होता तेव्हा कुणी हसलं नव्हतं."

ती गेल्यावर त्या एकतीस वह्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. रंगाच्या वेळीही पेटीला हात लावला नव्हता. निदान तेवढी अक्कल शाबूत होती.

घरी येऊन बापलेक जमिनीवर बसले आणि वह्या उलटू लागले. पान उलटलं की चंद्रभागा समोर यायची. सुरुवातीच्या वह्यांत अक्षरं लंगडत होती, पुढे सरळ चालू लागली. एका पानावर तिने रॉकेलच्या परवान्यावरचा शिक्कासुद्धा काढला होता, गोल, आतल्या सिंहासकट. आम्रपाली हसली आणि मग रडायला लागली. दशरथ पानं उलटत राहिले. ही बाई रोज त्यांच्यासमोर बसून हे करत होती आणि त्यांनी कधी एक वही धड बघितली नव्हती.

एकोणिसाव्या वहीत, जुलाबावरच्या पुडीच्या आणि कुकरच्या शिट्टीच्या मध्ये, ते पान निघालं.

पाच पाच अक्षरांचे आठ गट. मध्ये जागा सोडलेली, छापलेल्या कागदावर होती तशीच. आणि ओळीखाली तीच ओळ, पुन्हा तीच, पुन्हा तीच. पाच वेळा.

"बाबा," आम्रपालीने पानावर बोट ठेवलं.

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच दोघं जिन्यात उभे होते. गोपाळकृष्णांनी वही घेतली आणि दशरथांकडून तिची गोष्ट ऐकता ऐकता चष्मा ओढला. मग बोट ठेवून पाचही ओळी सावकाश ताडून पाहिल्या.

"तिसऱ्या ओळीत एक अक्षर गळलंय," ते म्हणाले. "बाकी चारींत आहे. शेवटच्या ओळीत हा नऊ आहे की आणखी काय, सांगता येत नाही."

"नऊच आहे," दशरथ म्हणाले. हस्ताक्षर वाचणं हा तर त्यांचा धंदा होता. "दमली की तिचा नऊ असा वाकतो. वरच्या चारी ओळींत सरळ आहे, बघा."

गोपाळकृष्णांनी चष्मा वर केला. त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका साधा आदर दशरथांनी आतापर्यंत पाहिला नव्हता.

"अहो, आम्ही दोन डिस्कवर ठेवतो आणि स्वतःला शहाणे समजतो. बाईंनी पाच प्रती ठेवल्या. इंग्रजी वाचता येत असतं तर एखादं अक्षर त्यांनी ओळखीचं करून टाकलं असतं, सगळेच करतात. त्यांनी दिसलं तसं काढलं." त्यांनी वही दशरथांच्या हातात दिली. "तुम्ही सांगा. मी टाइप करतो."

दशरथांनी एकेक अक्षर वाचलं. चाळीस झाली. गोपाळकृष्णांनी कळ दाबली.

गिचमीड गेली. तिथे नावं उभी राहिली, एकाखाली एक, चंद्रभागेने स्वतः दिलेली, मराठीत. मथुराबाई. सुंदराबाई. बायडाबाई. एकशे बारा. हजार वर्षं बसलं तरी उघडणार नाही म्हणतात ते कुलूप, भाकऱ्या थापणाऱ्या हाताने उघडलं होतं.

"कुठलं लावू?"

"पहिलं."

आधी भांड्यांचा आवाज, मग कुणीतरी खाकरलं. आणि मग ती, अगदी जवळून: "घाई नाही, मथुराबाई. तुमचं सांगून होईस्तोवर मी बसलेय."

गोपाळकृष्ण भिंतीकडे तोंड करून वायरी गुंडाळू लागले. एक म्हातारा आवाज उठला, "काय सांगू, बाळा," आणि दशरथांचा हात झटकन पुढे झाला.

"बंद करा."

"का हो?"

"पुढचं मथुराबाईंचं आहे. त्यांना विचारायचं राहिलंय. त्या आता नाहीत, पण त्यांची मुलगी आहे. तिला विचारू."

मग त्यांनी एकशे बाराही ध्वनिफितींच्या फक्त सुरुवाती ऐकल्या. प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं आणि वाक्य तेच, आणि दुसऱ्या बाईने तोंड उघडलं की बंद. जायला निघताना आम्रपालीने विचारलं, किल्ली आता कुठे ठेवायची. दशरथांनी टेबलावरचं पेन उचललं, तिथेच बसून आपल्या डायरीत ती ओळ पाच वेळा उतरवली आणि गोपाळकृष्णांकडून तपासून घेतली.

रविवारी विहारात वंदना झाली, भोजनाआधी दशरथ उभे राहिले. बायकोने दिलेल्या शब्दाबद्दल त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, "म्हणून आज तुम्हाला फक्त तिचं एक वाक्य ऐकवतो."

"थांब, दशरथा," मागून आवाज आला. बायडाबाई, नव्वदीच्या पुढची, दोघींनी धरून उभी केलेली. "मी हाय की अजून. मला इचार. माझं लाव."

आम्रपालीने बायडाबाईंची फीत लावली. विहारात चंद्रभागेचा आवाज घुमला: "घाई नाही, बायडाबाई. तुमचं सांगून होईस्तोवर मी बसलेय."

बायडाबाईंनी स्पीकरच्या दिशेने मान वळवली. ओळखीची हाक आली होती.

"आलीस व्हय गं," ती म्हणाली, खुर्चीवर टेकली आणि सुरुवातीपासून सांगायला लागली.

आम्रपालीने गडबडीने फीत थांबवली आणि वडिलांकडे पाहिलं. दशरथांनी तिला हातानेच खूण केली, असू दे. मग तेही पहिल्या रांगेत मांडी घालून बसले, आणि बाईंचं सांगून होईस्तोवर उठले नाहीत.