कपाटातले सात नमुने

आधीच सांगते, चूक माझी. घरात तसं कोणी तोंडावर बोलत नाही, पण सगळ्यांच्या डोळ्यांत तेच दिसतंय. म्हणून मीच बोलून टाकते.

आमचा काचेचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरामागची लांबट खोली, दोन बर्नर, एक भट्टी आणि काचेच्या नळ्यांचे ढीग. प्रयोगशाळांना लागणारे चंबू, नळ्या, नळीच्या आत वेटोळं घातलेली दुसरी नळी, असलं सगळं आम्ही बनवतो. आम्ही म्हणजे आमचे हे आणि आमचा लेक. हे एकतीस वर्षं बर्नरसमोर बसलेत. तोंडात रबरी नळी, दोन्ही हातांत काच, ती सारखी फिरवायची आणि वेळ आली की हलकेच फुंकायचं. तोंडात नळी असल्यावर माणूस बोलणार काय? घरातलं बोलायचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

लेकाला परदेशात नोकरी मिळावी म्हणून दोन वर्षं मी जिवाचं रान केलं. इथे काय ठेवलंय? कॉलेजवाले आता यंत्रावरचा तयार माल मागवतात. तिकडच्या एका मोठ्या संशोधन संस्थेला मात्र हाताने काच घडवणारा माणूस हवा होता. सून पाच महिन्यांची गरोदर, नवरा जाणार म्हणून जेवणावरची वासना उडालेली. मी तिलाच सुनवायची, ‘‘दोन-तीन वर्षं म्हणजे काय गं? मन घट्ट करायला शिक जरा.’’ बोलायला माझं काय जात होतं!

संस्थेने कामाचे फोटो मागितले. मी नमुन्यांचं कपाट उघडलं, चांगले दिसतील असे सात नमुने काढले, पुसले आणि खिडकीत ठेवून फोटो काढायला लावले. लेक म्हणाला, ‘‘आई, यातले चार बाबांचे आहेत.’’

‘‘गप रे! बापाचं ते पोराचंच. तिकडे कोण विचारायला बसलंय?’’

तो गप्प बसला. आमच्या घरात माझ्यापुढे सगळे गप्पच बसतात, त्याचीच ही फळं.

महिन्याभरात कळवलं त्यांनी. काम पसंत आहे, फक्त प्रत्यक्ष बघायला संस्थेतल्या एक बाई येतील. मी सगळ्या नात्यागोत्यात सांगून मोकळी झाले.

काल सकाळी त्या आल्या. सोबत नोकरीचा एजंट, त्यांचं बोलणं आम्हाला मराठीत सांगायला. मला वाटलं, कोणी कडक इस्त्रीची मॅडम असेल. तर पिकल्या केसांची, साध्या कपड्यांतली बाई, आणि दहाही बोटांवर भाजल्याचे जुने डाग. ते डाग बघितले आणि मी काय ते समजले. साहेबाच्या डोळ्यांत धूळ फेकता येते हो, कारागिराच्या कशी फेकणार?

बाईंनी फोटो पुढे केला आणि नेमकं वेटोळ्यावर बोट ठेवलं. हे करून दाखवा म्हणाल्या.

लेक बसला. पहिली नळी वेडीवाकडी वळली. दुसरी सांध्याशी टिचली. तिसरी वळवता वळवताच मोडली. मी दारात उभी, माझा दंड सुनेने घट्ट धरलेला. मग कोपऱ्यातल्या स्टुलावरून हे उठले, लेकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘ऊठ.’’

पुढचा अर्धा तास खोलीत फक्त बर्नरचा आवाज होता. नळी तापवली, सळईभोवती वळत नेली, मोठ्या नळीत सोडली, दोन्ही टोकं सांधली. शेवटी तो सगळा प्रकार भट्टीत ठेवून हे खाली बसले. बाई हलल्यासुद्धा नव्हत्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

‘‘फोटोतलं काम कोणाचं, असं म्हणतायत,’’ एजंट म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत लेक बोलला, ‘‘बाबांचं.’’ मान खाली घालून.

संपलं, मला वाटलं. आता धरणी दुभंगेल तर बरं. पण बाई ह्यांच्याकडेच बघत होत्या. एजंट आमच्याकडे वळला. ‘‘त्या म्हणतात, यांनाच न्यायचं. वयाचं काही नाही. तिकडच्या मुलांना शिकवायला असाच माणूस हवाय.’’

मला हसूच फुटलं. ‘‘यांना? अहो, हे केस कापायलासुद्धा मी ढकलल्याशिवाय जात नाहीत!’’

तेवढ्यात हे म्हणाले, ‘‘कधी यायचं?’’

एकतीस वर्षांत ज्या माणसाने ताटात मीठ कमी पडलं तरी मागितलं नाही, तो परक्या बाईला विचारत होता, कधी यायचं!

दुपारी सून दोनदा वाढून घेऊन जेवली. लेक लाजेने मेला होता, तरी त्याच्याही चेहऱ्यावरचा ताण गेलेला दिसला. म्हणजे त्याला जायचंच नव्हतं? हेही मला कालच कळायचं होतं. मी तशीच कारखान्यात गेले. हे फॉर्म भरत बसले होते.

‘‘मला एका शब्दाने विचारलंत? मी काय इथे भिंतीशी बोलू?’’

‘‘बायकोलाही आणता येतं म्हणाल्या,’’ हे शांतपणे म्हणाले. ‘‘घर देतात. मीच सांगितलं, ती यायची नाही.’’

‘‘माझ्या वतीने नाही म्हणायला कोणी सांगितलं तुम्हाला?’’ मी केवढ्याने तरी ओरडले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते वेगळंच.

ह्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे नीट बघितलं. असं कधी बघितलं होतं शेवटचं, मला आठवत नाही.

‘‘मग चल. खरंच चल. आपण दोघं जाऊ. तुझं नाव लिहू?’’

हो म्हणायचं होतं मला. आईशप्पथ सांगते, हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं. आणि बाहेर काय पडलं? ‘‘अहो, पण माझ्याशिवाय लेकाचं कसं होणार?’’

हे रागावले नाहीत, हसलेही नाहीत. बायकोच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली, खाली सही केली, कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि बर्नर पेटवला. रबरी नळी तोंडात धरण्याआधी एवढंच म्हणाले, ‘‘पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला बोलावलंय.’’