माझे पोट फाडले तो रविवार

मित्रांनो, टेकडीवरच्या चर्चबाहेर, आंब्याखाली तीन दगडांवर टेकून बसलेला म्हातारा ढोल तुम्ही पाहिला असेल. तो मीच. वय विचारू नका. माझे लाकूड ज्या झाडाचे, त्याच्या सावलीत खेळलेले कोणी आता गावात उरले नाही. दोन्ही तोंडांवर गाईचे कातडे ताणून मला पहिल्यांदा वाजवले, तेव्हा खालच्या झऱ्यावरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या म्हणे. मला थोडे मिरवायची सवय आहे, तेवढे सांभाळून घ्या.

मला वाजवायचा योसामू लुब्वामा. केळीच्या बागेत राबून त्याचे हात खरखरीत झाले होते, पण माझ्यावर ते मायेने पडायचे. आभाळ भरून आले की आपल्या घराआधी तो मला झाकायला धावायचा.

योसामू आणि त्याची बायको दामाली यांची दोन बाळे पाठोपाठ गेली होती. तिसरी पेरेसी. तिच्या जन्माच्या वेळी योसामूने वैदूकडून एक ताईत आणला होता, झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेली बोटभर मुळी. तो तिच्या उशाशी टांगला आणि पेरेसी जगली. आता सांगा, असा ताईत कोणाच्या हातून सुटेल?

पेरेसी पाच वर्षांची असताना आमच्या गावात येशूच्या नावाने जागृतीची लाट आली. माणसे सभेत उभी राहून रडत रडत आपली पापे सांगू लागली आणि घरातले ताईत, कवड्या, मंतरलेली शिंगे आणून आंब्याखालच्या जाळात टाकू लागली. येशूला मन द्यायचे तर अख्खे द्यायचे, एखादा कोपरा आपल्याकडे ठेवायचा नाही, असे ती म्हणत. योसामूनेही वडिलांचे शिंग जाळले. "मी सगळं दिलं!" असे तो म्हणाला आणि सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या.

पेरेसीचा ताईत मात्र त्याला जाळवेना आणि घरात ठेवायचीही सोय राहिली नाही. नेमके त्याच आठवड्यात माझे कातडे बदलायचे होते. पठ्ठ्याने काय करावे? कोणी नाही असे बघून ताईत माझ्या पोटात टाकला आणि वरून नवे कातडे आवळले! देवाच्या दारातच राहिला म्हणजे देवही रागावणार नाही आणि पोरही सुखरूप राहील, असे त्याला वाटले. मला कोणी विचारलेच नाही.

तेव्हापासून ठोका पडला की माझ्या आत खुळखुळ होई. सभेतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या केझिया आजीचे कान तिखट.

"काय रे योसामू, ढोलाला खोकला झालाय का?"

"कातडं नवं आहे, आजी. बसेल हळूहळू."

"वर्ष झालं की रे! नवी नवरीसुद्धा एवढे दिवस लाजत नाही."

सगळे हसले, योसामूही हसला. पण त्यानंतरचे ठोके त्याने माझ्या काठाकाठानेच मारले.

मग पेरेसीला गोवर निघाला. अंग नुसते निखारा झाले. सभेतली माणसे पाळीपाळीने तिच्या उशाशी बसून प्रार्थना करत होती. एका दुपारी योसामू धावत माझ्याकडे आला आणि त्याने मला उचलून हलवले. आत खुळखुळ झाली, तेव्हा कुठे तो घरी परतला. मला त्याची फार दया आली. देवावरही विश्वास, माझ्यावरही विश्वास, आणि जिवाला मात्र क्षणाची शांती नाही.

पेरेसी बरी झाली. त्या रविवारी दामाली तिचा हात धरून उभी राहिली. "माझी पोर मला प्रभूनं परत दिली. त्यानंच दिली, दुसऱ्या कोणी नाही."

आता स्तुतीचे गाणे सुरू व्हायचे. सगळे योसामूकडे बघू लागले. त्याने हात उचलले आणि ते तसेच राहिले.

"वाजव की रे!" केझिया आजी म्हणाली.

"कसा वाजवू, आजी? आभार कोणाचे मानायचे, तेच मला कळेना झालंय."

कोणीतरी देवाला वाहायला ऊस आणला होता, शेजारी सुरी पडली होती. ती घेऊन योसामूने माझे कातडे टराटरा फाडले. दुखले का म्हणता? खूप दुखले. त्याने आत हात घालून ताईत बाहेर काढला.

"हा पेरेसीचा. सगळं दिलं म्हणालो, ते खोटं होतं. प्रभूचा हात कुठे सुटला तर, म्हणून हा ठेवला होता."

दामालीचे डोळे मोठे झाले. "अहो पेरेसीचे बाबा! तुम्ही तर जाळला म्हणालात! मी वर्षभर प्रभूवर भरवसा टाकून झोपले, आणि तुम्ही ढोलावर?"

आधी केझिया आजी हसली, मग सगळे चर्च. योसामू हसता हसता रडायला लागला. ताईत त्याने स्वतःच्या हाताने जाळला. मुळी ओली नव्हती, पटकन जळाली.

मी मात्र कितीतरी महिने फाटकाच राहिलो. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. मित्रांनो, जो फाटला त्याला अडगळीत टाकू नका. नवे कातडे चढले की तो पुन्हा वाजतो. मीही वाजलो, आणि खोकल्याशिवाय.

पण मला आठवते ती त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. पेरेसी मैत्रिणींबरोबर झऱ्यावर निघाली होती. आंब्याखाली उभ्या योसामूने हाक मारली.

"पेरेसी!"

"काय, बाबा?"

त्याचा हात आपसूक माझ्या फाटक्या पोटात गेला. आत काही नव्हते.

"काही नाही. जा, बाळ."

ती उतारावरून पळत सुटली, दिसेनाशी झाली. योसामू माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला. "प्रभू, ती तुझी," तो म्हणाला. मग हात जोडून, "आणि मीही."