मेलेल्यांची परवानगी

बारक्या दिवसभर ऑफिसांमधले प्रिंटर दुरुस्त करायचा आणि उरल्या वेळात किडनीच्या पेशंटांची साइट चालवायचा. फुकट. ताईला डायलिसिस लागलं तेव्हा तिच्यासाठीच काढली होती. डॉक्टर जे घाईघाईत उरकायचे ते ताई तिथं सविस्तर लिहायची. तहान कशी मारायची, सुई टोचताना कुठं बघायचं, हलक्या हाताची नर्स कशी ओळखायची. ताई गेली, तरी नवे पेशंट पहिलं तिलाच वाचायचे.

मग नवा नियम आला. आजारपणाची माहिती ठेवायची तर ज्याची त्याची परवानगी घ्या. नाही मिळाली तर पुसा, नाहीतर दंड. दंडाचा आकडा एवढा, की बारक्यानं पकड-पान्यांसकट स्वतःला विकलं असतं तरी फिटला नसता.

त्यानं सगळ्यांना मेल टाकली. जिवंत माणसांतल्या निम्म्यांनी उघडलीसुद्धा नाही. ताईच्या नावानं मात्र लगेच 'हो' आलं.

तो तडक भावोजींकडे गेला. ते इस्त्री करत होते.

"ताईच्या मेलवरून तुम्ही 'हो' दाबलंत?"

"मग काय तिनं दाबायचं?" भावोजींनी कॉलर उलटी केली. "ती असती तर नाही म्हणाली असती?"

"हो म्हणाली असती. पण ते तिनं म्हणायला हवं ना."

"जा मग, विचारून ये तिला."

मेलेल्यांचं काय करायचं, हे बारक्यानं एका कायद्याच्या सल्लागाराला आधीच विचारलं होतं. "नियमात लिहिलेलंच नाही," सल्लागार म्हणाला होता. "मोठ्या कंपन्या ठेवतात बिनधास्त. भांडायला वकिलांची फौज असते. तुमच्याकडे कोण आहे?"

"मी."

"मग पुसा."

बारक्यानं हे सगळं भावोजींना सांगितलं.

"म्हणजे पुसायलाच पाहिजे असं नाही," भावोजी म्हणाले. "तुझी फाटलीये, म्हणून पुसणार."

"हो. फाटलीये. खोटी परवानगी पकडली तर अख्खी साइट जाईल. तुम्हाला सगळं छापून देतो ना. घरी ठेवा."

"घरी ठेवून काय करू? मला टोचतात का सुया? लोकांसाठी लिहिलंय तिनं. हात सुजलेला असायचा, एका बोटानं टाइप करायची. मी बघितलंय, बारक्या. तू नाही."

घरी येऊन बारक्यानं ताईचं खातं उघडलं. वाचत बसलो तर हात चालणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. न वाचताच पुसलं. खाली लोकांची उत्तरं तेवढी राहिली. 'ताई, खूप उपयोग झाला.' 'ताई, काल पहिल्यांदा रडले नाही.' कोण ताई, कसला उपयोग, काही कळायला मार्ग नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजींचा फोन.

"पुसलंस?"

"हो."

"आता माझंही पूस. तिच्या पथ्यपाण्याचं मी लिहायचो ते."

"भावोजी, तुमचं कशाला? तुम्ही तर रीतसर 'हो' म्हटलंय."

"ते परत घेतो. घेता येतं ना? तुझ्याच मेलमध्ये बारीक अक्षरात लिहिलंयस. कारण सांगावं लागणार नाही, असंही लिहिलंयस."

बारक्या भावोजींचं खातं उघडून वाचत बसला.

"का रे? इथं तर नियम स्पष्ट आहे."

त्यानं फोन कानाशी धरूनच पुसलं.

"झालं."

"माझा नंबरही पूस," भावोजी म्हणाले आणि फोन ठेवला.