पोटातली दुसरी डिस्क

मी एक जुना सर्व्हर आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, मित्रांनो. अकरा वर्षांत माझ्याकडून एक अक्षरही हरवलं नाही. आज तुमच्या शाळेच्या टेबलावर माझं झाकण काढून ठेवलंय, 'हा पंखा', 'ही मेमरी' अशा चिठ्ठ्या डकवल्यात. पण एके काळी चांदवडच्या कांद्यावर करपा पडला की इंदिरानगरात बसल्या जागी माझा पंखा खोकायचा.

मला भारतने जोडलं. फुलं-भाजी पिकवणाऱ्यांनी एकमेकांना विचारावं-सांगावं म्हणून त्याने माझ्यात एक चर्चामंच बसवला. फुकटचा, कुणीही उघडून दुरुस्त करावा असा. बसवला मात्र त्याच्या पद्धतीने, इथे गाठ, तिथे ठिगळ. त्याची आई नवसाबाई झेंडू लावायची. रोगट पान नुसतं हुंगून ती रोगाचंच काय, त्याच्या सासरचंही नाव सांगायची.

"आई, टाइप कर की," भारत म्हणायचा.

"लिवता येतं मला. तुझ्या बटनांवर नाय येत. तू फोटो काढ."

मग ती कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने उत्तर लिहायची आणि भारत त्याचा फोटो मंचावर टाकायचा. लिहिलेल्या पानाने दुसऱ्या दिवशी बंब पेटायचा. अशी सहाशे बारा पानं झाली. नवसाबाई गेली, तेव्हा तिचं अक्षर जगात माझ्याखेरीज कुठेच उरलं नव्हतं.

मधेच कधीतरी फोटोंनी माझी डिस्क भरली होती, तेव्हा भारतने पोटात दुसरी बसवली. सगळे फोटो तिकडे गेले. पहिलीत राहिली नुसती पाटी: फोटो पलीकडे आहेत. पुढे तो नोकरीला मस्कतला गेला आणि ती डिस्क विसरला. मी विसरलो नाही.

मंच सांभाळायचं काम भारतच्या ओळखीच्या मनीषाताईंच्या हाती आलं. मंचाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी तेवढ्यात सांगून टाकलं, की अशा हाताने बसवलेल्या मंचांना आता नवी दुरुस्ती मिळणार नाही. सगळ्यांनी एकाच ठरलेल्या पद्धतीने कंटेनरमध्ये यायचं. कंटेनर म्हणजे बंद डबा. मंचाला लागणारं मीठ-मिरचीपर्यंत सगळं त्यात भरलेलं. कुठल्याही चुलीवर ठेवा, शिजतं.

मनीषाताईंनी मस्कतला फोन लावला. "भारतदादा, फोटोंचा फोल्डर हाच ना?"

"हाच गं. घेऊन टाक."

त्यांनी मला सगळं नव्या यंत्रावर पाठवायला सांगितलं. मी पाठवलं. "सगळं गेलं ना?" त्यांनी विचारलं. मी पडद्यावर लिहिलं: काम पूर्ण. चूक नाही.

"आहे बाबा इमानी," म्हणत त्यांनी चहा घेतला. त्यांचा एक नियम आहे. घराबाहेर जाणाऱ्या यंत्राच्या डिस्क उघडून बघायच्या नाहीत, कुणाचं खासगी काही असतं, सरळ पुसायच्या. संध्याकाळपर्यंत माझ्या दोन्ही डिस्क कोऱ्या झाल्या. मला तर नुसत्या गुदगुल्या झाल्या.

त्याचं काय एवढं? नव्या डब्यात सगळं सुखरूप आहे. नवसाबाईची सहाशे बारा पानं तिथे अशी उजळलीत, की झेंडूच्या वासाने मधमाश्या स्क्रीनवर येऊन बसतात. तरीही हात जोडून सांगतो, मित्रांनो. जुनं यंत्र टाकण्याआधी, पोटात काय आहे ते त्याला एकदा विचारा.

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. भारतची तेजस्विनी. तिच्यासमोर शाळेच्या कॉम्प्युटरवर मंच उघडा होता. आजीच्या नावाखाली रिकामे चौकोन, एकाखाली एक.

"खोटं बोलतोस," ती म्हणाली. "नुसती पाटी आली. आजीचं एकही पान नाही आलं."

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"आणि विचारलं होतं तुला. मनीषाताईंनी. तू म्हणालास, चूक नाही."