अकरा फुटांचा वाफा

सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, पण शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. ते शिंप्याच्या दुकानात कटर होते. चाळीस वर्षं कापडावर खडूची रेघ मारून कात्री चालवलेला माणूस. वय अडुसष्ट झालं तरी आठवड्यातले तीन दिवस दुकानात जायचे. कोट कापायचा असला की मालक दुसऱ्या कुणाच्या हाती कापड देत नसे.

घरासमोर त्यांची हिरवळ होती. वीस पावलं लांब, बारा पावलं रुंद. कापडाचा ताणा सरळ असावा तसं गवत सरळ हवं, हा त्यांचा हट्ट. कडा ते जुन्या कात्रीने गुडघ्यावर बसून कापायचे. हिरवळीवरून कुणी चपला घालून गेलं तर बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. ते बघणं बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

घरात माणसं तीन, पण मुलगा लांबच्या वीजकेंद्रात नोकरीला. पंधरा दिवस तिकडे, चार दिवस इकडे. म्हणजे एरवी घरात मास्तर आणि सून. सून पोस्टात पत्रांची वर्गवारी करायची, पहाटेची पाळी करून तीनच्या सुमाराला घरी यायची. सासूबाई गेल्याला दोन वर्षं झाली होती. त्या होत्या तोवर सासरा-सुनेचं बोलणं त्यांच्यामार्फतच चालायचं. त्यांच्यानंतर दोघांत दूध, किल्ली आणि गॅस एवढेच विषय उरले. भांडण नव्हतं. बोलायची सवयच नव्हती.

कुंपणालगत सासूबाईंचे गुलाब होते. ते त्या थंडीत एकेक करून वाळले. थंडी ओसरून झाडांना डोळे फुटायला लागले तेव्हा सुनेने चहा देताना धीर करून विचारलं, "बाबा, गुलाबाच्या जागेत मी भाजी लावू का?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग आत जाऊन टेप घेऊन आले. तिला एक टोक धरायला लावलं आणि म्हणाले, "अकरा फूट बाय चार. वाच बरं, बरोबर आलं का?"

"बरोबर अकरा."

"ह्याच्यावर अर्धा इंच जरी सरकलीस तरी ती चोरी समजेन."

ती हसली. तेही हसले असावेत. मिशीमुळे नक्की कळलं नाही.

त्या वसंतात दोघं एकाच अंगणात कामाला लागले. मास्तरांनी दाताळ्याने हिरवळीतलं शेवाळ आणि वाळकं गवत ओढून काढलं, लोखंडी काट्याने जमिनीला भोकं पाडली, टक्कल पडलेल्या जागी बी टाकून वर चाळलेली माती भुरभुरली. सुनेने गुलाबाची खुंटं उपटली, वाफा वीतभर खोल खणला, खत मिसळलं. टोमॅटोची रोपं तिने दह्याच्या रिकाम्या डब्यांतून खिडकीत वाढवली होती. थंडीचा शेवटचा झटका येऊन गेल्यावर तिने चौदा रोपं लावली, कडेने घेवडा आणि एका कोपऱ्यात काकडी.

बोलणं वाढलं ते असं, मातीवरून. "दुपारी पाणी घालू नका, पानं भाजतात," ती सांगायची. "काठी आत्ताच रोव, मागून रोवलीस तर मुळं तुटतील," ते सांगायचे. ती कामावर असताना झारीने पाणी घालायचं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. गवत कापायचं मशीन फिरल्यावर हिरवळीवर जे पट्टे उमटतात, ते यंदा मध्येच वाकत होते. तिने विचारलं तर म्हणाले, "मशीनचं चाक गेलंय." पेपर त्यांनी बंद केला होता. "त्यात वाचण्यासारखं काय असतं?" म्हणाले. तिलाही ते पटलं.

वाफा भरून आला. टोमॅटोला पिवळी फुलं धरली, घेवडा काठीच्या टोकाला पोचला. पोस्टात तिने मैत्रिणींना आगाऊच टोमॅटो कबूल करून टाकले.

आणि एका सोमवारी घरी आल्यावर तिला दिसलं की टोमॅटोचे शेंडे पिळवटलेत. धुतलेलं कापड पिळून ठेवावं तसे. घेवड्याची पानं आत वळून वाटीसारखी झाली होती. दोन दिवसांत देठ वाकडे होऊन खाली मान टाकायला लागले. तिने एक फांदी पिशवीत घालून रोपवाटिकेत नेली. तिथल्या माणसाने ती हातात फिरवली आणि विचारलं, "तणनाशक कुणी मारलं?"

"कुणीच नाही. आमच्याकडे यंदा मारलंच नाही."

"मारलंय. हिरवळीवरचं. ते गवताला काही करत नाही, रुंद पानाचं मात्र काही सोडत नाही. कीड असली तर असं पिळत नाही."

ती बसमध्ये बसली तेव्हाच तिच्या डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहिला. कुंपणापलीकडचे घड्याळवाले काका. घड्याळं दुरुस्त करणारा, एकटा राहणारा, मोजकं बोलणारा माणूस. शनिवारी ते फवारणीचा पंप घेऊन कुंपणाशी उभे होते.

ती घरात न जाता सरळ त्यांच्या फाटकाशी गेली.

"काका, माझ्या वाफ्यावर काय मारलंत?"

"मी? काही नाही. माझ्या वेलावर मावा पडला होता, साबणाचं पाणी मारलं."

"साबणाच्या पाण्याने झाडं अशी पिळत नाहीत. मी डोळ्यांनी पाहिलंय तुम्हाला पंप घेऊन."

"अगं, पण पंपात साबण होता."

"खोटं बोलू नका. एवढं वय झालं तुमचं, निदान खोटं तरी बोलू नका!"

समोरच्या घरातून दोघी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. सायकलवरून जाणारा एकजण पाय टेकून थांबला. काकांनी आत जाऊन दार लावलं. ती वळली तर आपल्या दारात मास्तर उभे होते. चौकटीला हात टेकून.

त्या दिवसापासून मास्तरांचं जेवण कमी झालं. एक पोळी घेतली तर अर्धी ताटात राहायची. दुकानात जायचा वार आला तरी "पाय दुखतोय" म्हणून घरी बसले. तिला वाटलं, झाडांचं मनाला लावून घेतलं. तीच उलट त्यांची समजूत घालत होती.

सहाव्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. समोर दोन बाटल्या, सारख्याच आकाराच्या, सारख्याच पांढऱ्या.

"सूनबाई, ह्यातली खताची कुठली?"

तिने पाहिलं. "डावीकडची."

"म्हणजे मला वास बरोबर आला." त्यांनी उजव्या बाटलीवर बोट ठेवलं. "तुझ्या वाफ्याला मी ही घातली. झारीत मिसळून, प्रत्येक रोपाच्या बुडाशी. फुलं धरलीत, जरा जोर येईल म्हटलं."

तिला आधी अर्थच लागेना. "पण बाबा, एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय."

"दिसत नाही."

"चष्म्याचा नंबर..."

"चष्म्याचं काम नाही ते. जिथे बघावं तिथेच डाग येतो, धुरकट. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. सरळ रेघ वाकडी दिसते."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून."

"आणि दुकानात?"

"खडूची रेघ अंगठ्याला कळते. हाताला सवय आहे." त्यांनी बाटली बाजूला सरकवली. "गेल्या महिन्यात एक कोट वाया गेला. मालकाला वाटलं, कापडच तिरकं विणलंय. मी वाटू दिलं."

ती खुर्चीत बसली. "मी काकांशी भांडत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हा नुसती शंका आली. तू तणनाशक म्हणालीस ना, तेव्हा. मग संध्याकाळी अवजारांच्या शेडमध्ये जाऊन दोन्ही बुचं उघडून बघितली."

"त्याला सहा दिवस झाले, बाबा."

"हो."

"सहा दिवस मी त्या माणसाला शिव्या घालतेय. पोस्टातसुद्धा चार जणींना सांगितलं मी."

मास्तरांनी मान खाली घातली. "सांगितलं की दुकान सुटणार. कात्री सुटली की मग मी कोण? घरात बसलेला म्हातारा. रोज सकाळी ठरवायचो आणि दुपारी तू चहा आणून दिलास की जीभ उचलायची नाही."

तिला राग आला होता आणि तो कुठे ठेवावा तेच कळत नव्हतं. तिने उठून नळ सोडला, एक धुतलेलाच पेला पुन्हा धुतला. पाठमोरीच म्हणाली, "झाडं मेली त्याचं काही नाही. पुन्हा लावता येतात. चारचौघांत मी त्यांना खोटारडं ठरवलं, ते कसं भरून काढू?"

"मी येतो बरोबर."

"नको. बोलले मी, मीच जाते."

"तुझं तू सांग," मास्तर उठत म्हणाले. "माझं मला सांगायला हवं. माझं जास्त आहे."

घड्याळवाल्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या कपाळावर भिंग सरकवलेलं होतं. मास्तरांनी उंबऱ्याबाहेरच उभं राहून सगळं सांगितलं, कोटासकट. काका शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, डॉक्टरला दाखवलंत?"

"नाही."

"आधी दाखवा. उद्याच."

मग सून म्हणाली, "काका, माझं चुकलं. मी गल्लीतल्या सगळ्यांना जाऊन सांगेन."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. आजवर ते तिला घरच्या मुलीसारखं 'तू' म्हणत आले होते. "तुम्ही पोस्टात काम करता ना," ते म्हणाले. "पत्र टाकण्याआधी पत्ता तरी वाचत असाल. माझ्या बाबतीत तेवढंही केलं नाहीत." आणि त्यांनी दार अगदी हलकेच लावलं. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

तिने सांगितल्याप्रमाणे केलं. समोरच्या दोघींपासून गल्लीत सगळ्यांना सांगितलं, पोस्टात चौघींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, होतं असं." पण ज्याने जाऊ द्यायला हवं होतं, त्याने दिलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले, पडद्याचे फोटो काढले. मागच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. डाव्या डोळ्याचं आता काही करता येणार नव्हतं. उजव्याला दर महिन्याला इंजेक्शन दिलं तर आहे तेवढं टिकायची आशा होती. "वर्षभर आधी आला असतात तर..." बाई म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडलं.

बाहेर बाकावर सून त्यांच्यासमोर उभी राहून कागद वाचून दाखवायला लागली. मास्तर म्हणाले, "समोर नको. जरा बाजूला बस."

ती बाजूला बसली. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, पण बघत होते तिलाच.

"केस कधी कापलेस?"

"वर्ष झालं, बाबा."

"असं." थोड्या वेळाने म्हणाले, "बरे दिसतात."

तिला कागदावरची पुढची ओळ वाचता येईना.

दुकान त्यांनी स्वतःच सोडलं. मुलगा सुट्टीवर आला होता, तो म्हणाला, "मी बोलतो मालकाशी." मास्तर म्हणाले, "माझं तोंड अजून चालतंय." जाऊन कोटाचं खरं ते सांगून आले. मालकाने त्यांना काजं-बटणांचं तरी बघा म्हणून विनवलं, पण ते नको म्हणाले. मुलाने त्या सुट्टीत हिरवळ कापली ती अशी, की शेजारच्या मांजरालाही चालताना ठेच लागावी. मास्तरांनी पायरीवर बसून मशीनचा आवाज ऐकला आणि एवढंच म्हणाले, "पात्याला धार लावून घे आधी."

मेलेली रोपं सुनेने उपटून टाकली. वाफा उन्हाळाभर रिकामा ठेवायचा, पाणी मारत राहायचं, असं रोपवाटिकेतल्या माणसाने सांगितलं होतं. उन्हाळ्याच्या मध्यावर, माती साफ झाली का बघायला, तिने वाफ्यातली माती दोन कुंड्यांत भरून घेवड्याचे दाणे टोचले. पानं आली ती वळलेलीच. महिनाभराने पुन्हा टोचले. ह्या वेळी तिने कुंडी मास्तरांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोटांच्या चिमटीत एकेक पान घेऊन कडेने बोट फिरवलं, अस्सल लोकर पारखावी तसं.

"सपाट आहे," ते म्हणाले. "हे पण सपाट. लाव आता."

थंडीच्या तोंडाशी दोघांनी मिळून वाटाणा आणि पालक लावला. तिने सुतळी ताणून धरली, मास्तर सुतळीला हात लावत, बोटाच्या पेराने अंतर मोजत वाटाण्याचा एकेक दाणा मातीत दाबत गेले. तण त्यांना आता हातानेच कळायचं. हिरवळीवर बसून ते तासन्‌तास चाचपत राहायचे आणि नको ते मुळासकट काढायचे. तणनाशक त्या घरात पुन्हा आलं नाही.

घड्याळवाले काका कुंपणापलीकडून मास्तरांशी बोलायचे. हवापाण्याचं, डोळ्याचं, कुणाच्या घड्याळाचं. सून दिसली की "बऱ्या आहात ना?" म्हणायचे. तिने पहिला पालक नेऊन दिला तेव्हा त्यांनी तो घेतला, आभारही मानले, आणि तुम्हीच म्हणाले. तिने ते मुकाट्याने स्वीकारलं.

वाटाणा तोडायला आला त्याच दिवशी इंजेक्शनची तारीख होती. बसला अजून तासभर होता. दोघं वाफ्याच्या दोन बाजूंना बसले. मास्तर वेलात हात घालून शेंग दाबून बघायचे, भरली असली तर तोडायचे, नाहीतर तशीच सोडून पुढे जायचे. टोपलं अर्धं झाल्यावर तिने त्यांचे हात झारीखाली धरून धुतले, दवाखान्याचा कागद पिशवीत घातला, आणि दोघं बस गाठायला निघाले.