चंदनाचा शेजारी

सलग तिसऱ्या हंगामात चंदनाच्या रोपांनी माना टाकल्या, तेव्हा नायसुला मारालाल गावातली आपली रोपवाटिका सोडून आईच्या वस्तीवर आली आणि थेट शेजारच्या नोलकिशू म्हातारीच्या दारात उभी राहिली. चोरांनी मुळं खणून डोंगर उजाड केला होता. सालीचा काढा जुलाबावर कितपत चालतो, हे ती प्रयोगशाळेत तपासत होती. आता उरलेली चाळीस रोपंही गेली, तर तपासायला काहीच उरणार नव्हतं.

तिला स्वतःला पुरावा नको होता. चार वर्षांची असताना तिच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. आईने आशा सोडली होती. नोलकिशूने मात्र दोन दिवस चूल विझू दिली नाही आणि घोटाघोटाने हाच काढा पाजून तिला परत आणलं.

म्हातारी तिच्यासोबत काठी टेकत रोपवाटिकेत आली. वाफे बघून तिने कपाळाला हात लावला.

"एवढं साफ कुणी केलं गं?"

"मीच, कोको. एक तण ठेवलं नाही." म्हातारीला ती कोको, म्हणजे आजी, म्हणायची.

"तरीच. अगं, याला एकट्याने जेवता येत नाही. शेजारच्या मुळात मूळ घालून जगणारं झाड हे. तू तर त्याचं ताटच ओढलंस. शिकलीस खूप, पण लहानपणी दूध भरलेला पोकळ भोपळा धरून माझ्यामागे फिरायचीस, तेव्हा लक्ष कुठे होतं तुझं?"

नायसुला ओशाळली. साल काढण्याआधी म्हातारी चंदनाला दूध घालायची आणि मग बाजूच्या बाभळीलाही. म्हातारीचा हात थरथरतो, म्हणून दूध सांडतं, असंच तिला वाटायचं. जन्म गुराख्यांच्या घरातला, शिक्षण औषधांचं. वाफा पुस्तकात वाचून केलेला.

तिने प्रत्येक रोपाशेजारी बाभूळ लावली. एकतीस रोपं जगली.

दोन वर्षांनी पहिल्या फांद्या तपासणीसाठी कापल्या, त्या सकाळी नायसुलाने चंदनाला दूध घातलं, बाभळींना घातलं आणि उरलेल्या दुधाचा भोपळा घेऊन ती वस्तीवर गेली. म्हातारीच्या पुढ्यात बसून तिने तो तिच्या हातात दिला.

"मला कशाला? झाडाला घाल."

"घातलं, कोको. एक शेजारीण राहिली होती."

म्हातारीने भोपळ्याचं झाकण काढलं. मग तिने एक घोट घेतला आणि वस्तीच्या रीतीप्रमाणे आशीर्वादाचे दुधाचे शिंतोडे नायसुलाच्या कपाळावर थुंकले.