दोन भावांचं रक्त

"आमचं रक्त मुरलेलं आहे," असं ललित नेहमी म्हणायचा. खकनारच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या गावात तो वाढला. लहानपणी दर पावसाळ्यात त्याला मलेरियाची हुडहुडी भरायची. थोडा मोठा झाल्यावर ती यायची बंद झाली. पुढे बरीच वर्षं इंदूरला गेली. यंदा बदली होऊन तो आणि त्याची बायको प्रतिभा बुऱ्हाणपुरात, लालबागला राहायला आले. गावी केळीची काढणी निघाली तेव्हा तो थोरल्या भावाच्या, वसंताच्या मदतीला गेला. दोघं बागेतल्या झोपडीतच झोपत. मच्छरदाणीचं नावही त्यानं काढलं नाही.

परत आल्यावर काही दिवस बरे गेले आणि मग ताप चढला. रक्ताच्या तपासणीत काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी अंग निवलं, तसा तो ऑफिसची तयारी करू लागला.

प्रतिभा शाळेत विज्ञान शिकवायची. मलेरियाचे जंतू आधी यकृतात लपतात, मग रक्तात उतरतात, आणि सुरुवातीला थोडे असले तर तपासणीत निसटू शकतात, हे तिला ठाऊक होतं. पुन्हा तपासून घेऊ, असं तिनं सुचवलं. ललित चिडला. त्यानं वसंताला फोन लावून तिच्या हातात दिला. वसंत म्हणाला, की आपणही त्याच झोपडीत होतो, आपल्याला तर शिंकही नाही; व्हायरल असेल. तिला स्वतःचीच शंका आली. ती शाळेत गेली, पण तिथं जीव रमेना म्हणून लवकर परतली.

ललित पलंगावर बसला होता, बूट उलटा हातात धरून. डोळे लाल, अंग तव्यासारखं.

"आई अजून आली नाही शेतातून?" त्यानं विचारलं.

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती.

मग तिनं कोणालाच विचारलं नाही. शेजाऱ्याला रिक्षा काढायला लावली आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. या वेळी तपासणीत मलेरिया निघाला, तोही मेंदूपर्यंत जाणारा. सलाईन, इंजेक्शनं सुरू झाली. तो हाकेला ओ देईना.

वसंत मोटरसायकलवरून तातडीनं आला. डॉक्टरबाईंनी त्याचंही बोट टोचलं. त्याच्याही रक्तात तेच जंतू होते.

"पण मला तर काहीच होत नाही," तो चाचरत म्हणाला.

डॉक्टरबाईंनी समजावलं. तो जन्मभर तिथंच राहिला, डास चावत राहिले, त्यामुळे त्याचं शरीर त्या जंतूंना दाबून ठेवायला शिकलं होतं. ललितचंही शिकलं होतं. पण ती शिकवण टिकायला सराव लागतो. इतकी वर्षं लांब राहिल्यावर त्याचं शरीर पुष्कळसं विसरलं. आता त्याला जंतू ओळखायला उशीर झाला, आणि तेवढ्यात ते फोफावले.

वसंत बाकावर बसून राहिला. माझंच ऐकलंस तू, एवढंच तो प्रतिभाला म्हणाला. तिचे डोळे सलाईनच्या थेंबांवर होते.

सकाळी ललितनं डोळे उघडले. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि मग नीट तिचं नाव घेतलं. प्रतिभा तोंडावर पदर दाबून व्हरांड्यात गेली.

तिथं वसंत डॉक्टरबाईंनी दिलेल्या गोळ्या हातात चाळवत उभा होता. आजारी नाही तर औषध कशाला, हे काही त्याला पटत नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "तुम्हाला चावलेला डास उद्या भूमिकाला चावेल. तिचं शरीर अजून काहीच शिकलेलं नाही."

भूमिका त्याची नात, नुकती रांगायला लागलेली. प्रतिभानं पुढे केलेली पाण्याची बाटली वसंतानं घेतली.